आधी कुणाला सांगितलं

"त्या पोहायला गेल्यात," शेजारच्या बाई दारातूनच म्हणाल्या. "सासू-सून दोघी. रोज जातात."

मला वाटलं, मी चुकीच्या घराची कडी वाजवली. पण दारावर दुदुस्करांचीच पाटी होती आणि खिडकीच्या गजांवर केतकीची ओढणी वाळत होती.

"केतकीच म्हणताय ना तुम्ही?"

"हो तर. नगरपालिकेच्या तलावावर. दुपारची बायकांची वेळ असते ना. बसा की आमच्यात, येतीलच."

मी बसले नाही. रिक्षा केली आणि हातातल्या पिशवीसकट तलावावर गेले.

मार्च नुकताच लागला होता. दर मार्चमध्ये मी केतकीला घेऊन पुण्याला तिचं हृदय दाखवायला जायचे. लग्नाआधी आम्ही बार्शीहून जायचो. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन ती साताऱ्याला आली, तेव्हापासून मी आदल्या दिवशी साताऱ्याला यायचे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही मायलेकी निघायचो. त्या वर्षी मी नेहमीपेक्षा लवकरची गाडी पकडली होती. केतकीच्या बाबांचे गुडघे दुखत होते, ते घरीच थांबले होते. कळवलं नव्हतं, म्हटलं पोरीला जरा चकित करू.

तलावाच्या दारातल्या बाईनं मला चपला काढायला लावल्या. आत गेले तर उथळ बाजूला आठ-दहा बायका पाण्यात होत्या. त्यांच्यात कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून हेमलताबाई ओरडत होत्या, "हात लांब! मान खाली! आता श्वास घे, श्वास घे, केतकी!" हेमलताबाई म्हणजे केतकीच्या सासूबाई. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, केस बारीक कापलेल्या, साठीतही खणखणीत आवाजाच्या.

आणि माझी मुलगी पाणी कापत त्यांच्याकडे येत होती.

चोवीस वर्षं त्या पोरीचा श्वास मी ऐकला होता. झोपेत, जेवताना, शाळेतून आल्यावर दप्तर टाकताना. आणि आता दुसरीच कुणी बाई तिला सांगत होती, श्वास घे.

केतकी शिडीवरून वर आली. पोहण्याच्या कपड्याचा गळा मोठा होता. छातीच्या मधोमध उतरणारा ऑपरेशनचा व्रण सगळ्यांना दिसत होता. तो व्रण झाकायला मी तिच्या शाळेच्या गणवेशापासून लग्नातल्या ब्लाउजपर्यंत सगळे गळे बंद शिवून घेतले होते.

"आई! तू आत्ताच कशी?"

मी पुढे होऊन तिची हनुवटी धरली. "ओठ बघू."

"आई, सगळ्या बघतायत."

"बघू देत. नखं दाखव."

तिनं हात मागे घेतला. हेमलताबाई टॉवेल घेऊन आल्या. त्यांनी तो तिच्या खांद्यावर टाकला आणि मला म्हणाल्या, "घाबरू नका शैलजाताई. डॉक्टरांना विचारूनच आणते मी तिला. झेपेल तेवढंच."

"कुठल्या डॉक्टरांना?"

त्यांनी केतकीकडे पाहिलं, केतकीनं त्यांच्याकडे. एवढंच. त्या दोघींच्या त्या बघण्यात मला जागा नव्हती.

केतकी जन्मली तेव्हा तिच्या हृदयात छिद्र होतं आणि फुप्फुसाकडे जाणारी रक्ताची वाट अरुंद होती. रडली की ती निळी पडायची. दोन वर्षांची झाल्यावर चालायला लागली, तर थोडं चालून उकिडवी बसायची. लोकांना वाटायचं खेळतेय. बसल्यावर तिला श्वास घ्यायला जरा बरं पडायचं, हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तिसऱ्या वर्षी पुण्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी छिद्र बुजवलं, वाट मोठी केली आणि मला म्हणाले, "आता मुलगी तुमची."

मी ते शब्दशः घेतलं. बालवाडीत शिकवायचे, ते सोडलं. शाळेची सहल नाही, खो-खो नाही, पावसात भिजणं नाही. दात काढायचा असला तरी आधी पुण्याच्या डॉक्टरांना फोन. ती कॉलेजात जायला लागली तरी औषधाची गोळी तिच्या हातावर मीच ठेवायचे. लग्न ठरताना मी हेमलताबाईंना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या सारंगला ती आवडलीय. बाकीचं आपण बघू." तेव्हा मला ती बाई फार मोठ्या मनाची वाटली होती. 'आपण' या शब्दाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना केतकी म्हणाली, "आई, उद्या माईपण येतायत आपल्याबरोबर."

सासूला ती माई म्हणायची.

"त्यांना कशाला उगीच त्रास?"

"त्रास कसला," हेमलताबाई भाकरी वाढता वाढता बोलून गेल्या, "मला आता तिथलं सगळं माहीत झालंय."

"कसं काय?"

"आपलं, सारंग सांगत असतो ना."

सारंग माझा जावई. साखर कारखान्यात केमिस्ट. हंगाम चालू होता, त्यामुळे तो कारखान्यावरच राहायला होता. गेल्या दोन मार्चमध्ये तो आमच्याबरोबर एकदाही आला नव्हता. तो काय सांगणार? मी उरलेली भाकरी ताटाच्या कडेला सारली.

सकाळी एसटीत दोघींच्या सीटवर त्या दोघी बसल्या. मुद्दाम नव्हे, सवयीनं. केतकी खिडकीशी, माई तिच्या शेजारी. मी मागच्या सीटवर एका अनोळखी माणसाच्या शेजारी बसले. पुढून दोघींचं हसणं ऐकू येत होतं. खंबाटकी घाट चढताना हेमलताबाईंनी संत्रं सोललं. फोडी केतकीच्या हातावर ठेवत गेल्या आणि ही न बघता खात गेली. माझ्याकडे वळून त्यांनी अर्धं संत्रं पुढे केलं.

"नको," मी म्हटलं. "मला आंबट चालत नाही."

ते संत्रं गोड होतं, हे वासावरूनच कळत होतं.

आमचे जुने डॉक्टर आदल्या वर्षी निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी डॉक्टर वैदेही कीर्तने नावाच्या बाई आल्या होत्या आणि त्यांचा विभागही दुसऱ्या मजल्यावर होता. मला जिना कुठला ते कळेना. हेमलताबाई सरळ लिफ्टकडे गेल्या.

वरच्या बाकांवर मी आजवर न पाहिलेली माणसं बसली होती. इतकी वर्षं मी लहान मुलांच्या दालनात बसत आले होते. भिंतीवर ससे आणि फुगे, मांडीवर निळसर पोरं, डोळे सुजलेल्या आया. इथं मिशीवाला एक तरुण मोबाईलवर क्रिकेट बघत होता. एक बाई आपल्या तान्ह्या बाळाला थोपटत होती. शर्टाच्या उघड्या बटणातून, साडीच्या पदराआडून त्यांच्या छातीवरचे तसलेच व्रण दिसत होते. ही सगळी तीच पोरं होती, मोठी झालेली. आणि त्यांच्याबरोबर आया जवळजवळ कुणाच्याच नव्हत्या.

केतकीचं नाव पुकारलं. आम्ही तिघी आत गेलो.

"या माई," डॉक्टर म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून, "आणि आपण?"

"ही माझी आई," केतकी म्हणाली.

डॉक्टरांचा चेहरा गोंधळला. "म्हणजे मग माई...?"

"माई माझ्या सासूबाई."

"अरेच्चा! मी इतके दिवस यांनाच तुमची आई समजत होते." त्या हसल्या. हेमलताबाईही ओशाळून हसल्या.

इतके दिवस. हे दोन शब्द माझ्या कानात राहिले.

डॉक्टरांनी समोरच्या पडद्यावर काही तरी उघडलं. "मग ठरलं ना, केतकी? पुढच्या सोमवारी दाखल व्हायचं, मंगळवारी सकाळी ऑपरेशन."

"कुणाचं?" मी विचारलं.

डॉक्टरांनी केतकीकडे पाहिलं. "आईंना सांगितलं नाही तुम्ही?"

"आज सांगणार होते. म्हणूनच आणलं तिला. तुमच्यासमोर सांगावं म्हटलं."

डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. बाई चांगली होती, सावकाश बोलली. "आई, लहानपणचं ऑपरेशन उत्तम झालं होतं. त्याच्यामुळेच केतकी आज आपल्यासमोर बसलीय. पण तेव्हा ती अरुंद वाट मोठी करताना तिथली झडप नीट राहत नाही. ती इतकी वर्षं थोडी थोडी गळत होती, आता ते वाढलंय. त्यामुळे हृदयाचा उजवा कप्पा ताणला गेलाय. पूर्वी अशी मुलं वाचायचीच नाहीत, म्हणून पुढे काय होतं ते कुणाला फारसं कळायचं नाही. आता ती पंचविशी-तिशीची होऊन आमच्याकडे येतात, आणि पुष्कळ जणांना नवी झडप बसवावी लागते. आत्ता बसवली तर तो कप्पा सावरेल. पुढे त्यांना मूल हवं असेल तर त्याआधीच केलेलं बरं."

"पण ती बरी झाली होती," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणाले होते, आता मुलगी तुमची."

"बरीच झाली होती. पण अशा मुलांना जन्मभर दाखवत राहावं लागतं."

"मी दाखवत होते! दरवर्षी दाखवत होते!"

माझा आवाज चढला होता. केतकीनं माझ्या हातावर हात ठेवला. मी तो झटकला आणि बाहेर आले.

लिफ्टशेजारी एक खिडकी होती, तिथं जाऊन उभी राहिले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ऑपरेशनचं भय वाटत नव्हतं. भय नंतर आलं. आधी आली ती जळजळ. माझ्या पोरीच्या हृदयाची बातमी तिच्या सासूला आधी कळली होती. डॉक्टर तिलाच आई समजत होती. आणि ती बाई रोज तिला पाण्यात घेऊन जात होती.

हेमलताबाई माझ्यामागे आल्या.

"कधीपासून?" मी विचारलं.

"जानेवारी. जिना चढताना तिला दम लागायला लागला. मी म्हटलं, चल दाखवून येऊ."

"तुम्ही म्हटलंत. आणि मी?"

"मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं हो, आईला फोन लाव."

"मग?"

"नको म्हणाली."

"आणि तुम्ही ऐकलंत! पथ्यावरच पडलं असेल तुमच्या. हेमलताबाई, तुम्हांला काय ठाऊक आहे तिचं? तुम्हांला ती आयती मिळाली, वाढवलेली, शिकलेली, चालती-बोलती. मी तिला कडेवर घेऊन या पायऱ्या चढलेय. हातात निळी पडलेली पोर घेऊन एसटीत उभी राहिलेय. तुम्ही काय पाहिलंत?"

मला वाटलं, आता त्या भांडतील. भांडल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं.

"काहीच नाही पाहिलं," त्या म्हणाल्या. "म्हणूनच तर मला सांगितलं तिनं. तिला निळी पडलेली मी कधी पाहिलेली नाही. तिनं सांगितलं की झडप गळतेय, तर मी म्हटलं, बरं, मग आता काय करायचं? तुम्ही असं म्हणू शकला असता?"

मी तोंड खिडकीकडे फिरवलं.

"राग येणार असेल तर येऊ दे, पण तिचे शब्द सांगते. म्हणाली, माई, आई आधी माझ्या ओठांकडे बघते, मग माझ्याकडे. तिला काही सांगितलं की माझं दुखणं बाजूला राहतं आणि मलाच तिला सावरत बसावं लागतं."

समोरच्या आवारात कुणीतरी पाण्याच्या पाइपनं गाड्या धूत होतं. मी तिकडेच बघत राहिले. ते खरं होतं, हे मला लगेच कळलं. पण ते मला त्या बाईच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. आधी तिच्यावर नुसता राग होता, त्या क्षणापासून मी तिचा द्वेष करायला लागले.

बार्शीला मी परत गेले नाही. सोमवारपर्यंत साताऱ्यालाच राहिले आणि त्या घरात पाहुणीसारखी वागले. स्वयंपाकघरात गेले की हेमलताबाई मला जागा करून द्यायच्या, त्याचाही मला राग यायचा. केतकी माझ्याजवळ येऊन बसायची, पण काय बोलावं ते दोघींनाही कळत नसे. मी तिच्या ओठांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. मग बघायचं कुठं, हा प्रश्नच पडायचा. मी भिंतीकडे बघून तिच्याशी बोलायचे.

एकदा ती चिडली. "आई, तू माझ्यावर रागावलीयस की माईंवर?"

"कुणावर नाही."

"मग माझ्याशी नीट बोल ना."

"तुला बोलायला आहे की माणूस," मी म्हटलं.

ती उठून गेली.

सोमवारी आम्ही तिला दाखल केलं. सारंग कारखान्यावरून थेट आला. संध्याकाळी तो औषधं आणायला खाली गेला होता. हेमलताबाई केतकीचे कपडे घडी करून कपाटात ठेवत होत्या. मी खिडकीजवळच्या स्टुलावर बसले होते. नर्स येऊन केतकीच्या हातात सुई टोचून गेली. ती गेल्यावर केतकी म्हणाली,

"माई, तुम्ही जरा बाहेर बसता का? मला आईशी बोलायचंय."

हेमलताबाईंच्या हातात तिचा गाऊन होता. तो तसाच अर्धवट घडी केलेला त्यांनी पलंगावर ठेवला. "हो, बसते ना," असं म्हणाल्या, पण दारापाशी जाऊन एकदा थांबल्या. कुणी परत बोलावतंय का, असं बघितल्यासारखं. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी लगेच ओळखलं. आठवडाभर मी ते आरशात बघत होते.

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

दार लागल्यावर केतकीनं मला पलंगावर तिच्याजवळ बसवलं.

"मागच्या वेळी काय झालं होतं, सांग ना."

"सांगितलंय की. ऑपरेशन झालं, आठ-दहा दिवसांनी घरी आलो."

"ते नाही. मला आत नेलं तेव्हा. तू सगळ्यांना सांगतेस, हसत गेली, टाटा करत गेली. तशी गेले होते का मी?"

ती गोष्ट मी चोवीस वर्षं तशीच सांगत आले होते. तिच्या बाबांनाही तेवढीच माहीत होती. ते त्या वेळी रक्ताची बाटली आणायला गेले होते.

"खरं सांग आई. उद्या मला परत त्याच दारातून जायचंय. मला काहीच आठवत नाही, आणि विचारायला तुझ्याशिवाय कुणीच नाही."

"नाही," मी म्हटलं. "हसत नाही गेलीस."

"मग?"

"ओरडत होतीस. ओरडलीस की निळी पडायचीस, म्हणून सिस्टर घाई करत होती. तू माझी वेणी धरली होतीस, दोन्ही हातांनी. सोडेनास. सिस्टर ओढत होती, तू आणखी घट्ट धरत होतीस. ती म्हणाली, बाई, तुम्हीच सोडवा, उशीर होतोय."

"मग?"

"मग मी तुझी बोटं उघडली. एकेक करून. एक हात सोडवला की तू दुसऱ्यानं धरायचीस. शेवटी तुझे दोन्ही हात माझ्या एका हातात दाबून धरले आणि तुला तिच्याकडे दिलं. तू माझ्याकडे बघत होतीस. माझ्या मनात आलं, आता ही परत आली नाही, तर तिनं शेवटचं पाहिलं ते हेच. तिला सोडणारी तिची आई."

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगताना माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं, याचंच मला नवल वाटलं. बहुतेक ते सांगण्यात मी एवढी गुंतले होते की रडायचं सुचलंच नाही.

केतकीनं आपल्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला एक स्वप्न पडतं. लहानपणापासून. कुणीतरी माझी बोटं उघडतंय. कोण ते दिसत नाही. मला वाटायचं, कुणीतरी वाईट माणूस आहे."

"मीच ती."

"हो," ती म्हणाली. "बरं झालं तू होतीस ते."

तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यानंतर तिनं मला पुष्कळ काही सांगितलं. जानेवारीत डॉक्टरांनी पडद्यावर हृदय दाखवलं तेव्हा तिला कसं वाटलं ते. सारंग बाथरूममध्ये जाऊन रडला ते. मूल हवंय, पण ते आपल्यासारखंच निघालं तर, ही भीती. मी मधे एकदाही बोलले नाही. फार अवघड होतं ते.

सारंग औषधं घेऊन आला, तेव्हा त्याच्यामागून हेमलताबाई आत आल्या. त्यांचे डोळे आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन चाललं होतं तेव्हा आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो होतो. सारंग येरझाऱ्या घालत होता. खूप वेळानं हेमलताबाईंनी विचारलं, "काल काय बोलत होता दोघी?"

"होतं आमचं काही," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "मला तिनं कधी बाहेर जा म्हटलं नव्हतं."

मी त्यांना काही सांगितलं नाही.

डॉक्टर दुपारी बाहेर आल्या. झडप नीट बसली होती. संध्याकाळी आयसीयूतली सिस्टर म्हणाली की एकालाच आत सोडेन, तेही पाच मिनिटं. सारंग आईकडे बघायला लागला, मग माझ्याकडे. मी कुणाची वाट पाहिली नाही. तुम्ही जा, नाही तुम्ही जा, असलं काही मी करणार नव्हते. सरळ चपला काढल्या, त्यांनी दिलेला हिरवा झगा चढवला आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी सारंगला सोडलं आणि दुपारी हेमलताबाईंना. पाच मिनिटं पुरी व्हायच्या आतच त्या बाहेर आल्या. भिंतीला धरत दाराजवळच्या पायरीपर्यंत गेल्या आणि मटकन बसल्या. तो खणखणीत आवाज गेला होता.

"घशात नळी आहे हो तिच्या. छातीतून नळ्या बाहेर आल्यात. हात बांधून ठेवलेत. माझ्याकडे बघितलं तिनं, पण बोलता येत नाही तिला..."

त्या रडायला लागल्या. लग्नात सारंगच्या वडिलांचा फोटो मांडवात ठेवताना न रडलेली ती बाई, अनोळखी माणसं जात-येत असताना, पायरीवर बसून हमसून रडत होती. मी त्यांच्या शेजारी बसले. नळ्या उद्या निघतील, हात बांधतात ते झोपेत नळी ओढू नये म्हणून, मागच्या वेळीही बांधले होते, असं सगळं त्यांना सांगत गेले. मला ते सगळं माहीत होतं. मी सांगत होते आणि त्या माझा हात धरून ऐकत होत्या. तेव्हा पहिल्यांदा मी त्यांना संत्र्याचा रस आणून दिला. त्यांनी तो प्यायला.

केतकी घरी आली. दोन महिन्यांत जिना चढायला लागली, दम लागेना. ही झडपही कायमची नाही, दहा-पंधरा वर्षांनी परत बघावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तेव्हा मी असेन-नसेन. तिचं ती बघेल, हे मला आता कळलंय.

पण हेमलताबाई बदलल्या. डॉक्टरांनी परवानगी दिली तरी त्यांनी तिला पोहायला नेलं नाही. तिला खोकला आला की त्यांचं काळीज हलायचं. केतकी झोपली की दारात उभ्या राहून तिचा श्वास चालतोय ना ते बघायच्या. केतकी मला फोनवर सांगायची, "आई, आता या पण तुझ्यासारख्याच झाल्यात. यांना काही सांगायची सोय राहिली नाही."

मी हसायचे. मनातून खूष व्हायचे.

पुढच्या वर्षी केतकी आणि सारंग कारखान्याच्या वसाहतीत राहायला गेले. त्यानंतरचा एक दिवस मला चांगला आठवतो. केतकीचा फोन आला, आई, तिसरा महिना संपलाय, डॉक्टर म्हणतात सगळं ठीक चाललंय. मी फोन ठेवते न ठेवते तोच हेमलताबाईंचा आला.

"शैलजाताई, कळलं का तुम्हांला?"

"आत्ताच कळलं."

"मलाही आत्ताच. तीन महिने! मी अर्ध्या तासावर राहते हो तिच्या. मागच्या रविवारी माझ्या हातचं जेवून गेली, अवाक्षर बोलली नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि अमृताला पहिल्यापासून माहीत होतं."

अमृता म्हणजे सारंगची धाकटी बहीण. नाशिकला असते. ऑपरेशनच्या वेळी तिची परीक्षा होती, म्हणून ती आली नव्हती.

"अमृताला?" मी म्हटलं. "त्या पोरीला काय कळतंय यातलं?"

"तेच म्हणते मी! तिला साधा ताप आला तरी मला फोन करते. तिला आधी सांगायचं, आणि आपण कोण?"

आपण. या वेळी तो शब्द मी नीट ऐकला.

"तिनं केतकीला आयसीयूत पाहिलेलं नाही, हेमलताबाई," मी म्हटलं.

पलीकडून त्यांनी नाक ओढल्याचा आवाज आला. रडत होत्या की हसत होत्या, कळलं नाही. माझंही मला कळत नव्हतं.

नात आता चार वर्षांची आहे. ती पोटात असतानाच तिचं हृदय तपासून घेतलं होतं, चारी कप्पे जागच्या जागी. ती तपासणीही केतकीनं आधी करून घेतली आणि आम्हांला नंतर कळवली.

"निघा तुम्ही उद्याच्या गाडीनं," हेमलताबाई त्या दिवशी फोनवर म्हणाल्या. "माझ्याकडे उतरा. मग दोघी मिळून जाऊ तिच्याकडे."

"येते. पण तिला काही बोलायचं नाही हं."

"मी कशाला बोलू? मी फक्त विचारणार, अमृताला काय म्हणून आधी सांगितलंस."

"तेवढं विचारायलाच हवं," मी म्हटलं.

मग आम्ही दोघी फोनवर बराच वेळ मिळून अमृतावर चिडलो.